कचेरीच्या घड्याळास नोटीस

अध्यक्षमहाराज, तुम्ही चोरीचा माल मखरात बसवला आहे. चोरी तुम्ही केली असं मी म्हणत नाही. पण माल कुणाचा, हे न विचारता तुम्ही त्याला सोनेरी पुठ्ठा घातलात, वर समारंभ केलात आणि समोर बसलेल्या चारशे माणसांना टाळ्या वाजवायला लावल्यात. तुमच्या गौरवग्रंथात दोनशे चौदाव्या पानावर ‘कचेरीच्या घड्याळास नोटीस’ हा मजकूर श्री. श्रीधर लुकतुके यांच्या नावाने छापला आहे. तो मी लिहिला. तसं पत्र मी पाठवलं, तर तुमच्या चिटणिसांचं दोन ओळींचं उत्तर आलं: ‘मूळ हस्तलिखित असल्यास सादर करावे.’

हस्तलिखित नाही. कधीच नव्हतं. का नव्हतं, ते सांगतो.

“दानियल, अरे अर्धं पान बोडकं राहतंय की!”

छापखान्याचे शिंत्रे मालक ट्रेडल यंत्रापाशी उभे राहून ओरडत होते. सन एकोणीसशे एकतीस, गाव नगर. चार वाजता टपाल निघायचं, अकरा वाजून गेले होते, आणि ‘उफराटा’ मासिकाचं शेवटचं पान निम्म्यावर येऊन संपलं होतं.

“संपादकांना बोलवा,” मी म्हणालो.

“तिघेही डोंगरावर गेलेत. सूर्याचा निषेध करायला.”

“कशाचा?”

“सूर्याचा. जुना झालाय म्हणे. तू काहीतरी टाक रे तिथं. एखादी वेलबुट्टी टाक.”

“वेलबुट्टीला बंदी आहे. पहिल्याच अंकात छापलंय तसं.”

“मग जे बंदीत बसत नाही ते टाक! पण पान भर!”

‘उफराटा’ म्हणजे काय प्रकरण होतं, ते तुमच्या ग्रंथात फार गंभीर चेहऱ्याने सांगितलं आहे. मी तिथला कंपोझिटर, तो रोज हाताळत होतो, म्हणून माझ्याकडून ऐका. मुखपृष्ठावर नाव उलटं छापलेलं असायचं, डोकं खाली पाय वर. पहिला अंक वाचनालयाने ‘छपाईत चूक’ असा शेरा मारून परत पाठवला. लुकतुके इतके खूश झाले की तो शेरा त्यांनी दुसऱ्या अंकात चौकटीत छापला. संपादक तीन. श्रीधर लुकतुके हे पुढारी. मानेवर रुळणारे केस, आवाज मोठा. भालचंद्र टिल्लू कवी. त्यांच्या कवितेत एका ओळीत एकच शब्द असे, त्यामुळे माझं काम हलकं आणि कागदाचं नुकसान भारी. आणि दिनकर असनारे, वकिलीचा अभ्यास करणारे, शब्द तोलून बोलणारे.

या तिघांचं एक तत्त्व होतं. मासिकात कुठल्याही मजकुराखाली लेखकाचं नाव छापायचं नाही. “नाव म्हणजे लेखनाच्या गळ्यातलं जानवं!” लुकतुके छापखान्यात उभे राहून गरजले होते. “आम्ही ते तोडून टाकलं आहे!” आणि सदऱ्यात हात घालून स्वतःचं जानवं जरा सारखं केलं होतं, घामाने चिकटलं होतं बिचारं.

तत्त्व इथेच थांबत नव्हतं. कुणी काय लिहिलं, हे आपसांतसुद्धा विचारायचं नाही. छापखान्याच्या दाराला आतून एक लाकडी पेटी ठोकली होती. ज्याने त्याने आपला कागद गुपचूप तिच्यात टाकायचा. मी तो जुळवायचा, आणि जुळवून झाला की कागद चुलीत घालायचा, म्हणजे अक्षरावरूनसुद्धा लेखक ओळखू येऊ नये. आता टिल्लूंचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, असनाऱ्यांचा समास चार बोटं, लुकतुके जांभळी शाई वापरणार. म्हणजे कोण काय लिहितो हे त्या तिघांना माहीत नसे आणि मला सगळं माहीत असे.

तर त्या दिवशी मी स्टिक हातात घेतली. स्टिक म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवायची लोखंडी पट्टी. समोर केस, तिच्यात शिशाच्या खिळ्यांचे चारशे खण. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत. पुढचं सगळं त्या खणांपुढे उभं राहून. टाक हातात धरला की मला परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटायचा. स्टिक हातात असली की बोटं आपली आपण चालायची. आणि नऊ वर्षं ही बोटं काय जुळवत आली होती? कोर्टाच्या नोटिसा, म्युनिसिपालिटीच्या नोटिसा, जप्तीच्या नोटिसा. त्यामुळे बोटांतून जे निघालं ते असं:

‘तिसऱ्या गल्लीतील म्हशीस नोटीस. तुम्ही रोज भर रस्त्यात परवान्यावाचून बसता व फौजदारसाहेब तुम्हांस वळसा घालून जातात. हा हुद्दा तुम्हांस कोणी दिला व त्यासाठी अर्ज कोठे करावा लागतो, हे सात दिवसांत कळवावे.’

पान भरलं. टपाल गाठलं. छपाई झाल्यावर खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकले. तुमच्या ग्रंथाचे प्रस्तावनाकार या शैलीबद्दल म्हणतात, ‘पॅरिसमधील नवपंथीयांच्या अभ्यासातून लुकतुके यांनी ती कमावली.’ पॅरिस नव्हे हो. भिस्तबाग रस्त्यावर गटार तुंबलं होतं, त्याच्या नोटिशीची ती भाषा.

दुसऱ्या दिवशी तिघे मालकांच्या खोलीत चहाला बसले. दार उघडंच होतं. माझा चहा खिडकीच्या चौकटीवर, वेगळ्या पेल्यात. जुनं सगळं मोडायचं ठरलं होतं, पण पेल्यापर्यंत अजून पाळी आली नव्हती.

“काय म्हैस आहे, लुकतुके!” टिल्लू म्हणाले. “वा!”

लुकतुके किंचित हसले. “तत्त्वाला धरून मी काही बोलणार नाही.”

“बोलायचं नाहीच,” असनारे म्हणाले, “मीही नाही बोलणार.”

टिल्लूंनी दोघांकडे पाहिलं, मांडीवरची धूळ झटकली. “मग मी तर मुळीच नाही बोलणार.”

तिघेही एकमेकांकडे बघून असे लाजले की मला बाहेर जाऊन खोकून यावं लागलं.

दुपारी लुकतुके एकटेच आले. माझ्या केसपाशी रेंगाळले.

“दानियल, तो म्हशीचा कागद... शाई कुठली होती रे?”

“कागद चुलीत गेला, साहेब. तत्त्व.”

“हो हो. तत्त्व. बरोबर.” जाताना दारातून वळले. “जांभळी नव्हती ना?”

“तुम्हालाच ठाऊक, साहेब.”

त्यांनी क्षणभर विचार केला. आपणच लिहून विसरलो असू, असं त्यांच्या तोंडावर हळूहळू उमटत गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी तेव्हाच का बोललो नाही, असं तुम्ही विचाराल. मजा येत होती म्हणून. बावीस वर्षांचा होतो. आपण लिहिलेलं तीन पदवीधर आपापल्या खिशात घालायला धडपडताहेत, याच्यासारखी करमणूक नगरात दुसरी नव्हती. तेव्हापासून दर अंकात मी शेवटचं पान मुद्दाम थोडं आखूड पाडू लागलो. पाण्याच्या नळास नोटीस. देवळातल्या घंटेस नोटीस. मिशनच्या घंटेसही दिली, पक्षपात नको.

आणि मग सहाव्या अंकात, कचेरीचं घड्याळ.

‘कचेरीच्या घड्याळास नोटीस. तुम्ही गेली एकोणीस वर्षे वीस मिनिटे मागे चालत आहात. गावातील कोणीही इसम तुम्हांस चूक म्हणत नाही, उलट आपले घड्याळ तुमच्याप्रमाणे मागे करतो. तुमच्यामुळे तुरुंगातून सुटणारा इसम वीस मिनिटे जास्त कैदेत राहतो. तुमची किल्ली ज्यांच्या खिशात आहे ते साहेब विलायतेस परत गेल्याचे समजते. तरी पंधरा दिवसांचे आत खरी वेळ जाहीर करावी. न केल्यास गाव आपली वेळ आपण ठरवील.’

हे जुळवताना मी हसत नव्हतो. शेवटचं वाक्य स्टिकमध्ये बसलं. ते काढून टाकावं असं एकदा वाटलं. नाही काढलं.

पुण्याच्या एका साप्ताहिकाने ते उचलून छापलं. तिथल्या कॉलेजच्या गॅदरिंगला लुकतुक्यांना बोलावणं आलं. तिथे त्यांनी हार घेतला आणि “तत्त्वाला धरून मी काही बोलणार नाही” असं अर्धा तास बोलले. टिल्लूंचं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांना ‘घड्याळ’ पाठ होतं, आणि टिल्लूंनी नाही म्हटलं नाही. असनाऱ्यांनी तर वकिलांच्या खोलीत ‘पंधरा दिवसांचे आत’ हीच मुदत का, यावर खुलासा दिला.

पंधराव्या दिवशी सकाळी कचेरीसमोर सत्तर-ऐंशी माणसं जमली. मीही गेलो होतो. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. ज्यांच्याकडे खिशातली घड्याळं होती त्यांनी ती बाहेर काढली.

“माझे नऊ वाजून दहा!” एक तांबट ओरडला.

“चल! सव्वानऊ झाले!”

“अहो, माझं रेल्वेचं आहे, नऊ सात!”

“रेल्वेचं म्हणजे सरकारचंच! ते नको!”

एका म्हातारीने पदराने डोळ्यावर सावली धरून सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाकरीची वेळ झाली. एवढं पुरे.” सगळे हसले, आणि हसता हसता वर घड्याळाकडे बघू लागले. त्यात आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. एकोणीस वर्षं सगळ्यांनी पाहिलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा ते सगळ्यांना चुकलेलं दिसलं. हसणं थांबलं. मग पोलीस आले.

तिसऱ्या दिवशी आम्हाला पाचही जणांना कचेरीत बोलावलं. शिंत्रे मालक, तिघे संपादक आणि मी. चौकशीला रावसाहेब घारे. दोन्ही भुवया एकत्र जुळलेल्या, पुढ्यात ‘उफराटा’, तोही उलटा धरलेला.

“लेखक कोण?” त्यांनी विचारलं.

लुकतुके उभे राहिले. “रावसाहेब, आमच्या मासिकाचं एक तत्त्व आहे...”

“ते बाहेर चपलांपाशी ठेवून या. कलम एकशे चोवीस अ. राजद्रोह. लेखक कोण?”

खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. ते आमच्या डोक्यावरच होतं. लुकतुक्यांनी मान वळवली.

“मला वाटतं... टिल्लूंचं असावं.”

“माझं?” टिल्लूंचा आवाज चिरकला. “मी एका ओळीत एक शब्द लिहितो, अख्ख्या नगरला ठाऊक आहे! यात ओळी भरलेल्या आहेत! ही कायद्याची भाषा आहे, रावसाहेब. असनारे वकिली शिकतात.”

“रावसाहेब, मी सनदेच्या परीक्षेला बसतोय,” असनारे म्हणाले, तेवढंच तोलून. “आणि पुण्यात हार यांनी घेतला.”

“तो हार मासिकाचा होता!”

“गळा तुमचा होता!”

“तुम्ही मुदतीचा खुलासा केलात वकिलांत!”

“टिल्लू, तुम्ही सासऱ्यांना काय सांगितलंत ते सांगू का इथे?”

रावसाहेबांनी रूळ टेबलावर आपटला. “पुरे! तिघांपैकी कुणी लिहिलं नाही. मग कायद्याने छापणारा जबाबदार. शिंत्रे, छापखान्याला सील लागेल.”

शिंत्रे मालक उठायला गेले आणि खुर्चीत परत बसले. छापखान्यावर अकरा घरं चालत होती, त्यांतलं एक माझं.

मरेपर्यंत मालक सगळ्यांना सांगत, दानियलने छापखाना वाचवायला तोंड उघडलं. तसं नव्हतं. मला राहवेना. पंधरवडाभर ज्याच्यासाठी तिघे भांडत होते ते माझं लेकरू आता एकमेकांच्या अंगावर फेकत होते, आणि ते खाली पडत होतं.

“रावसाहेब,” मी म्हणालो, “ते मी लिहिलं.”

त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. “तू कोण?”

“दानियल भिंगारदिवे. कंपोझिटर.”

“शिकलास किती?”

“मराठी तिसरी.”

“कागद कुठाय?”

“कागद नाही. सरळ खिळ्यांतच जुळवलं.”

“का जुळवलंस?”

“पान रिकामं राहत होतं.”

रावसाहेबांच्या भुवया सुटल्या. ते खुर्चीत मागे रेलले आणि पोट हलेपर्यंत हसले. “म्हणजे भरती! अरे मग आधी नाही का सांगायचं? मी उगाच समजत होतो, कुणी लेखक आहे!” मग तिघांकडे वळून, “काय हो, हा म्हणतो ते खरं?”

“अगदी खरं, रावसाहेब,” लुकतुके म्हणाले. “आम्ही तर तो मजकूर नीट वाचलाही नव्हता.”

“आमचा त्याच्याशी काही संबंध नाही,” असनारे म्हणाले.

टिल्लूंनी नुसती मान हलवली, पण जोरात.

रावसाहेबांनी कारकुनाला जबाब सांगितला. मला उलटी अक्षरं वाचायची सवय, त्यामुळे टेबलापलीकडून मी तो लिहिता लिहिता वाचत होतो. ‘सदर मजकूर हा लेख नसून जागा भरण्यासाठी कंपोझिटरने जुळवलेली भरती आहे. इसम अल्पशिक्षित असल्याने राजद्रोहाचा हेतू संभवत नाही. खाली सही करणारांनी सदर मजकूर लिहिलेला नाही.’ कारकुनाने टाक पुढे केला. नाव म्हणजे जानवं म्हणणाऱ्या तिघांनी त्याखाली ठळक, पूर्ण, वडिलांच्या नावासकट सह्या केल्या. माझी सही कुणी मागितली नाही. सक्त ताकीद मिळाली आणि प्रकरण संपलं.

मला तुरुंगाची भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. पण त्या हसण्याची तयारी मी करून गेलो नव्हतो. पदवीधराने लिहिलं असतं तर राज्य हललं असतं. मी लिहिलं, म्हणून ती भरती झाली.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना लुकतुक्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिला आणि शेवटचा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

“दानियल, आज तू आम्हाला वाचवलंस. काय बेमालूम खोटं बोललास रे!”

“खोटं नव्हतं, साहेब.”

“पाहा! अजून सोडत नाही!” ते टिल्लूंना म्हणाले, आणि तिघेही हसले. मोकळं, सुटका झाल्याचं हसणं. असनारे तर म्हणाले की हा माणूस साक्षीदार म्हणून लाख मोलाचा.

मी तिथे पायरीवर उभा राहिलो. त्यांना फसवायला मी चार-पाच महिने धडपडलो होतो, आणि आता खरं सांगत होतो तर ते त्यांना पटत नव्हतं. माझ्या चेष्टेची इतकी चोख परतफेड मला पुढे कुणी केली नाही.

सातवा अंक निघाला नाही. टिल्लूंचं लग्न झालं, असनारे न्यायाधीश झाले. दोघेही आता नाहीत. मी चाळिशीत कागदावर लिहायला शिकलो, घाम पुसत पुसत. सात पुस्तकं लिहिली. तुमच्या ग्रंथात त्यांतल्या एकाचंही नाव नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती तुम्ही वाचली नसतील.

तक्रार या एका पानाची आहे. तुम्ही माझ्याकडे हस्तलिखित मागता. लुकतुक्यांकडे मागितलंत? त्यांचं तरी कुठून येणार, सगळे कागद मीच चुलीत घातले. मग त्यांच्या शब्दावर छापलंत, आणि माझ्या शब्दाला पुरावा हवा. हे मी रावसाहेब घाऱ्यांच्या खोलीत एकदा ऐकलेलं आहे. ते निदान हसले तरी होते.

लुकतुके हयात आहेत. समारंभात पहिल्या रांगेत बसले होते, शाल घेऊन. माझं म्हणणं त्यांना खोटं वाटत असेल, तर ते मुद्दाम लबाडी करतात असंही मी म्हणणार नाही. अडतीस वर्षांत माणसाला बरंच काही आठवायला लागतं. म्हणून त्यांना एकच विचारा. एकतीस साली कचेरीत, सही करून, ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. आज ते त्यांनी लिहिलेलं आहे. मग मधल्या काळात ते नेमकं केव्हा लिहिलं? साल चालेल, महिना चालेल.

विचारणार आहात की नाही, तेवढं आधी कळवा.